व्हिएतनाम-कंबोडिया स्वतःचं स्वतः, कमी खर्चात: गाइडबुक कोणतं घ्यावं?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत मी, नवरा आणि सासूबाई असे तिघं व्हिएतनाम आणि जमलं तर पुढे कंबोडिया करायचं म्हणतोय. दोन-अडीच आठवडे हाताशी आहेत. टूर कंपन्यांचे भाव काढून झाले. पैसे जास्त आहेतच, पण रोज पहाटे बॅग भरून बसमध्ये बसणं सासूबाईंना झेपणार नाही. त्या सदुसष्टच्या आहेत. गुडघे कुरकुरतात, पण उत्साह आम्हा दोघांपेक्षा जास्त. खाणं शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. म्हणून सगळं आपणच आखायचं ठरवलंय.

परवा पुण्याला एका दुकानात तीन पुस्तकं चाळली. एक फक्त व्हिएतनामचं, जाडजूड, फोटो कमी. दुसऱ्यात अख्खा आग्नेय आशिया एकाच ठोकळ्यात. तिसरं गुळगुळीत कागदाचं, देवळांच्या आतल्या रचनेची सुंदर चित्रं असलेलं. तिन्ही दीड-दोन हजारांच्या पुढे. नवऱ्याचं म्हणणं, फोनवर सगळं मिळतं, त्या पैशात हॉटेलची एक रात्र निघेल. मला मात्र संध्याकाळी तिघांनी टेबलाशी बसून, पानं उलटून ठरवायचं आहे. फोनवर एक जण बघतो आणि बाकीचे दोघं नुसतं ऐकतात.

तर कोणतं घ्यावं? आणि चांगलं कुठलं हे दुकानात उभ्या उभ्या ओळखायचं कसं?

कोकणकडा

गोदाकाठ, मुखपृष्ठ बघू नका, शीर्षकपानाची मागची बाजू उघडा. आवृत्ती कोणत्या वर्षाची ते तिथे असतं. त्यातून एक वर्ष वजा करा, कारण लेखक फिरून आल्यावर पुस्तक छापून दुकानात यायला तेवढा वेळ जातोच. २०२३ची आवृत्ती म्हणजे मजकूर साधारण २०२२चा.

तुम्ही जाताय त्या भागात गेल्या काही वर्षांत काय काय बदललंय बघा. कंबोडियातल्या सिएम रीपचा, म्हणजे अंगकोरच्या जुन्या देवळांजवळच्या गावाचा, विमानतळ ऑक्टोबर २०२३मध्ये बदलला. जुना गावाला लागून होता, टुकटुकने पंधरा-वीस मिनिटांत हॉटेल. नवा चाळीसेक किलोमीटर लांब आहे. जुनं पुस्तक घेऊन रात्री उतरलात तर तुमचा गाडीखर्चाचा अंदाज पहिल्याच तासाला कोसळेल. हो ची मिन्ह सिटीत पहिली मेट्रो डिसेंबर २०२४मध्ये धावली. आणि १ जुलै २०२५पासून व्हिएतनामने प्रांतच एकमेकांत विलीन केले, ६३चे ३४ झाले. होई आन आता दा नांगमध्ये आहे. पुस्तकात क्वांग नाम प्रांत म्हणून शोधाल आणि आजच्या नकाशावर तो दिसणारच नाही. हा जांग तसंच तुएन क्वांगमध्ये गेलं. पुढे लाओस किंवा थायलंड जोडणाऱ्यांसाठी: व्हिएन्टिएन ते लुआंग प्रबांग हा बसने दिवस खाणारा प्रवास डिसेंबर २०२१मध्ये रेल्वे आल्यापासून दोन तासांवर आलाय. आणि बँकॉकच्या लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या जानेवारी २०२३पासून हुआ लाम्फाँगऐवजी नव्या क्रुंग थेप अभिवत स्टेशनवरून सुटतात.

यातली एकही गोष्ट बारीकसारीक नाही. कमी पैशात फिरणाऱ्याचं कंबरडं हॉटेल दोनशे रुपयांनी महाग पडल्याने मोडत नाही. चुकीचा मार्ग, चुकीचं स्टेशन, फुकट गेलेला दिवस, त्यापायी ऐनवेळी काढलेलं विमानाचं तिकीट, यात पैसा जातो. म्हणून पुस्तक निवडताना मी हॉटेलांची यादी शेवटी बघतो आणि 'तिथे कसं पोचायचं' हा भाग सगळ्यात आधी वाचतो.

साखरभात

मी गोदाकाठ यांच्या यजमानांच्या बाजूने. हॉटेल ॲपवर, गाडी ग्रॅब या टॅक्सीच्या ॲपवर, बस आणि ट्रेन ऑनलाइन. पाऊणेक किलोचं पुस्तक पाठीवर कशासाठी वाहायचं? वर कोकणकडा यांनीच सांगितलं की मजकूर छापेपर्यंत शिळा होतो. ताजी माहिती हवी तर ती फोनवरच आहे.

नकाशावेडा

साखरभात, ताज्या माहितीबद्दल तुमचं बरोबर आहे. पण गोदाकाठ यांना अजून काय शोधायचं तेच ठरवायचं आहे. होई आन हे नाव माहीत असेल तर फोन होई आनचं हॉटेल दाखवेल. होई आनला तीन रात्री द्याव्यात की एक, ह्युए वगळलं तर काय हुकेल, सापा की निन बिन्ह, हे ठरवायला कुणीतरी सगळा देश फिरून, तोलून लिहिलेलं लागतं.

आता पुस्तकांबद्दल. हा माझा आवडीचा विषय आहे, थोडं लांबेल.

लोनली प्लॅनेटची सुरुवातच कमी पैशातल्या प्रवासाने झाली. टोनी आणि मॉरीन व्हीलर हे जोडपं लंडनहून आशिया ओलांडून ऑस्ट्रेलियाला पोचलं आणि १९७३मध्ये त्यांनी घरीच बांधलेली छोटी पुस्तिका काढली. दोन वर्षांनी आग्नेय आशियाचं पिवळ्या मुखपृष्ठाचं पुस्तक आलं, तेच पुढे बॅकपॅकवाल्यांचं मुख्य पुस्तक झालं. तुम्ही दुकानात बघितलेला ठोकळा त्या घराण्यातला असण्याची शक्यता जास्त. मात्र मधल्या काळात कंपनीचे मालक बदलत गेले. आधी बीबीसी, मग २०१३मध्ये एक अमेरिकी कंपनी, २०२०च्या अखेरीस दुसरी. अलीकडच्या मांडणीत फोटो आणि 'अनुभव' वाढलेत आणि राहण्याच्या जागांच्या याद्या बऱ्याच आखडल्यात. जुन्या वाचकांची त्यावर नाराजी आहे, माझीही आहे. गावागावाचा हाताने काढल्यासारखा नकाशा आणि त्यावर आकडे घातलेली गेस्टहाउसं, ही त्यांची खरी ताकद होती.

रफ गाइड्स १९८२मध्ये ग्रीसच्या पुस्तकाने सुरू झाली. इतिहास, समाज, राजकारण यावर त्यांचा हात जास्त सढळ. व्हिएतनामसारख्या देशात, जिथे प्रत्येक गावाला युद्धाची आठवण आहे, तिथे ते कामी येतं. मून ही अमेरिकी मालिका, तिचीही सुरुवात १९७३ची आणि इंडोनेशियाच्या पुस्तकाने. ती बहुधा एकाच लेखकाच्या नजरेतून लिहिलेली असते, त्यामुळे सूर एकसंध राहतो. लेखक त्या देशात राहणारा असेल तर मी डोळे झाकून घेतो. लेखकाचा परिचय शेवटच्या पानांत असतो, तो वाचा. ब्रॅड्ट आडवाटेच्या देशांसाठी. जॉर्जिया, आर्मेनिया, उझबेकिस्तान असं डोक्यात असेल तर पहिल्यांदा त्यांचं शोधा. युरोपला जाणाऱ्यांनी रिक स्टीव्ह्ज बघावा, रेल्वे पास घ्यावा की सुटी तिकिटं काढावीत यासारखे हिशोब तो फार नीट सोडवून देतो.

तिसरं गुळगुळीत कागदाचं पुस्तक बहुधा डीके या प्रकाशनाचं. ते पाहण्यासाठी उत्तम, पोचण्यासाठी तोकडं.

गोदाकाठ, अख्ख्या आग्नेय आशियाचं पुस्तक तुम्ही घेऊ नका. ते चार-सहा महिने देशामागून देश फिरणाऱ्यांसाठी आहे. एका देशाच्या वाट्याला त्यात इतकी कमी पानं येतात की फक्त मोठी गावं उरतात, आणि नेमक्या त्याच गावांची माहिती फोनवर सगळ्यात सहज मिळते.

गोदाकाठ

नकाशावेडा, कोकणकडा, खूप आभार. ठोकळा बाद.

एक शंका. ही सगळी पुस्तकं गोऱ्या लोकांसाठी लिहिलेली असतात. त्यांचं 'बजेट' आणि आपलं बजेट एक नाही. आम्हाला डॉर्म नको, तिघांना एक खोली हवी. व्हिसाचे नियम आपले वेगळे. आणि शाकाहार! पुस्तकात 'भाज्या मिळतात' एवढं लिहिलं असेल तर त्याचा सासूबाईंना काय उपयोग? हे बघायचं कसं?

बकुळी

मी नोकरीनिमित्त काही वर्षं सायगावात, म्हणजे हो ची मिन्ह सिटीत, आहे, म्हणून लिहिते.

ताई, शाकाहाराची काळजी पुस्तक बघूनच मिटवता येईल. दुकानात खाण्याचा भाग उघडा आणि तिथे 'चाय' हा शब्द शोधा. इथे लिपी रोमनच आहे, सी-एच-ए-वाय अशी पाटी दिसते. ती पाटी म्हणजे बौद्ध पद्धतीची शाकाहारी खाणावळ. 'कोम चाय' म्हणजे भात आणि सात-आठ प्रकारच्या भाज्या, टोफू, काचेमागे मांडलेलं असतं, बोट दाखवायचं. देवळांच्या आसपास आणि बाजाराच्या गल्ल्यांत मिळतंच. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी इथले पुष्कळ लोक मांस सोडतात, त्या दिवशी या जागा दुपारीच गच्च भरतात आणि एरवी मांस विकणाऱ्या गाड्यांवरही 'चाय'ची पाटी लागते. हे ज्या पुस्तकात नीट सांगितलंय त्याचा लेखक इथे जेवलाय असं समजा. नुसतंच 'व्हेजिटेरियन पर्याय उपलब्ध' असेल तर पुस्तक खाली ठेवा.

दुसरी खूण: माशाच्या सॉसचा इशारा. साध्या परतलेल्या पालेभाजीतही 'नुओक माम' पडतो आणि वाढणाऱ्याला ते मांसाहारी वाटतच नाही. चांगल्या पुस्तकात हे स्पष्ट लिहिलेलं असतं आणि 'मासळीचा सॉस नको' हे वाक्य व्हिएतनामी भाषेत छापलेलं असतं. इथली भाषा सुरांवर चालते, आपण वाचून दाखवलं तर समोरच्याला कळत नाही, पान समोर धरलं की लगेच कळतं. सासूबाईंनाही ते स्वतः दाखवता येईल.

खोलीचं म्हणाल तर इथे तीन पलंगांची किंवा एक डबल-एक सिंगल अशी खोली गेस्टहाउसांत सर्रास असते. पुस्तकातला रोजच्या खर्चाचा चौकोन मात्र बहुधा एकट्या माणसाचा, डॉर्ममध्ये राहणाऱ्याचा असतो. आकडा नीट वाचा, खाली बारीक अक्षरात गृहीतक दिलेलं असतं. भाव डॉलरमध्ये असतील तर थेट रुपयात बघा. एका रुपयाला साधारण तीनशेच्या आसपास डोंग येतात, निघताना तपासून घ्या. आणि नोटांबद्दल सांगणारं पुस्तक हवंच. २० हजारांची आणि ५ लाखांची, दोन्ही निळ्या. रिक्षासारख्या घाईच्या जागी एकीऐवजी दुसरी दिली की सगळा दिवसाचा खर्च तिथेच गेला. सासूबाईंकडे मोठी नोट देऊच नका.

इथे रस्त्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली गाइडबुकं फार स्वस्त मिळतात. त्या झेरॉक्स असतात. नकाशे पुसट, आणि पुष्कळदा वर नव्या आवृत्तीचं मुखपृष्ठ, आत जुनं पुस्तक. तिकडे येऊन घेऊ असा विचार असेल तर सोडा.

कोकणकडा

व्हिसाबद्दल मी जोडतो. तो पुस्तकातून कधीच घ्यायचा नाही, पुस्तक कालचं असलं तरी. थायलंडने नोव्हेंबर २०२३मध्ये आणि मलेशियाने डिसेंबर २०२३मध्ये भारतीयांना व्हिसामाफी दिली, त्यानंतरही थायलंडचे नियम हलत राहिलेत. व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑगस्ट २०२३पासून ९० दिवसांपर्यंतचा झाला. एकदा प्रवेशाला २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाला ५०. तुमच्यासाठी यात एक मेख आहे. व्हिएतनाममधून कंबोडियात जाऊन परत व्हिएतनाममार्गे घरी यायचं असेल तर ५०वाला लागेल. सिएम रीप किंवा नॉम पेन्हहून परस्पर निघणार असाल तर २५वाला पुरतो. तिघांचे मिळून ७५ डॉलर वाचतात. अर्ज करताना सरकारी संकेतस्थळावरच करा आणि त्या दिवशीची फी तिथेच बघा.

म्हणजे मार्ग आधी, व्हिसा नंतर. हा मार्ग ठरवायला पुस्तकच लागतं. व्हिएतनाम-कंबोडिया सीमा ओलांडायच्या जागा कोणत्या, मोक बाईवरून बसने जावं की चाउ डोकहून मेकाँगमधून बोटीने, दोन्हीचा वेळ किती, हे एका पानावर शेजारी शेजारी मांडलेलं असेल तर ते पुस्तक घ्या.

तिसरी घंटा

पुस्तकाऐवजी चॅटबॉटला विचारायचा पर्याय कुणी मांडला नाही. आम्ही मागे तो करून पाहिला. पाच मिनिटांत दिवसवार आराखडा आला, दिसायला सुबक. त्यात एका दिवशी सकाळी सापा आणि संध्याकाळी हा लाँगची क्रूझ होती. सापा हानोईच्या वायव्येला तीनशेहून अधिक किलोमीटर डोंगरात, हा लाँग दुसऱ्या दिशेला समुद्रावर. नकाशा उघडून बसलो म्हणून दिसलं. विचारल्यावर त्याने लगेच दुरुस्त केलं, पण विचारायचं काय ते आधी कळायला हवं. मी हल्ली उलटं करते. पुस्तकातून मार्ग ठरवते, मग त्याच मार्गाबद्दल त्याला बारीक प्रश्न विचारते, आणि मिळालेलं उत्तर पुन्हा रेल्वे किंवा बसच्या मूळ संकेतस्थळावर तपासते.

साखरभात

तिसरी घंटा, हे पटलं. तरी हॉटेलसाठी पुस्तक नको या मतावर मी ठाम आहे. गेस्टहाउस वर्षभरात मालक बदलतं, शेजारी बांधकाम सुरू होतं. गेल्या दोन महिन्यांतली परीक्षणं वाचा, त्यातही कमी तारे देणाऱ्यांची. गरम पाणी, लिफ्ट, रस्त्याचा आवाज, या तीन गोष्टी तिथेच कळतात. सासूबाईंसाठी लिफ्ट फार महत्त्वाची. हानोईच्या जुन्या भागातली हॉटेलं अरुंद आणि उंच असतात, चौथ्या मजल्यावर खोली आणि जिनाच, असं सहज होतं.

कोकणकडा

साखरभात, हॉटेलबद्दल शंभर टक्के सहमत.

गोदाकाठ, दुकानात उभ्या उभ्या पुस्तक ओळखण्याचा एक उपाय सांगतो, मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. त्याच मालिकेचं भारताचं पुस्तक शेजारच्या फळीवर असतं. ते काढा आणि आपल्या पायाखालच्या जागेचं पान उघडा. तुम्ही नाशिकच्या, म्हणजे अजिंठा-वेरूळ बघितलेलं असणार. अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी बंद, हे तिथे ठळक लिहिलंय का? अजिंठ्याला आपली गाडी फाट्यावर सोडून पुढे तिथल्या बसने जावं लागतं, हे आहे का? संभाजीनगरहून वेरूळ तीसेक किलोमीटर आणि अजिंठा शंभराच्या घरात, तेव्हा दोन्ही एका दिवसात कोंबू नका असं सांगतंय का? माथेरानला दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटार जात नाही, हे लिहिलंय का? आणि छत्रपती संभाजीनगर हे नाव तरी आलंय का?

आपल्या ओळखीच्या जागेबद्दल ज्या मालिकेचा लेखक काळजीपूर्वक लिहितो, तिच्यावर अनोळखी देशासाठी भरवसा ठेवायला माझी हरकत नसते. दर पुस्तकाचा लेखक वेगळा असतो हे खरं, पण संपादकांची शिस्त एकच असते. बंद असण्याचे वार विचारायचे, शेवटची बस किती वाजता ते लिहायचं, ही सवय मालिकेची असते.

दुसरं, जुन्या पुस्तकातले भाव निरुपयोगी नसतात. भाव वाढतात, पण प्रमाण फारसं हलत नाही. रात्रीची ट्रेन स्लीपर बसच्या दुप्पट होती तर आजही साधारण तशीच असेल. सरकारी तिकिटं मात्र झटक्यात उडी मारतात. अंगकोरचा एक दिवसाचा पास २० डॉलरचा होता, तो फेब्रुवारी २०१७मध्ये ३७ झाला. तीन दिवसांचा ६२, सात दिवसांचा ७२. पुस्तकात २० दिसले तर ते त्याआधीचं आहे, किमतीसाठी वापरू नका.

आजोळ

मी वयाने सासूबाईंच्या जवळचा, म्हणून माझं दोन पैशांचं मत.

वर डीकेच्या पुस्तकाला 'पोचण्यासाठी तोकडं' म्हटलंय. मान्य. पण अंगकोरला माणशी गाइड लावायचा नसेल तर पुस्तकच गाइड होतं आणि तिथे चित्रांचं पुस्तक कामाला येतं. अंगकोर वाटच्या खालच्या मजल्यावर चारही बाजूंनी कोरीव भिंती आहेत. पश्चिमेच्या दाराने आत शिरून उजवीकडे वळलात की समोर कुरुक्षेत्र. शरशय्येवरचे भीष्म हुडकायला सासूबाईंना कुणी सांगावं लागणार नाही. तसंच पुढे वळत गेलात की दक्षिणेच्या भिंतीवर राजा सूर्यवर्मन दुसरा याची मिरवणूक, त्यानंतर स्वर्ग-नरक, आणि पूर्वेच्या भिंतीवर जवळजवळ पन्नास मीटर लांबीचं समुद्रमंथन. मधोमध विष्णू, एका अंगाला असुर, दुसऱ्या अंगाला देव, वासुकीचं अंग सगळ्यांच्या हातातून गेलेलं. पश्चिमेच्या दाराने आत येऊन डावीकडे वळलात तर लंकेचं युद्ध. कोणत्या बाजूने चालायचं एवढंच पुस्तकाने सांगितलं तरी पुरे, कथा आपल्या घरच्या आहेत.

व्हिएतनाममध्येही होई आनजवळ 'मी सन' नावाचं ठिकाण आहे. तिथल्या जुन्या चाम राजांची शिवाची देवळं, चौथ्या ते तेराव्या शतकांतली, १९९९पासून जागतिक वारशात. तिथलं सगळ्यात देखणं देऊळ १९६९च्या अमेरिकी बाँबफेकीत गेलं. दा नांगच्या चाम संग्रहालयात तिथली शिल्पं आहेत. ते आधी बघून मग 'मी सन'ला गेलात तर उरलेल्या विटांमध्ये काय होतं ते कळतं. हा क्रम कुठल्या पुस्तकात दिलाय ते बघा.

डीकेने पूर्वी व्हिएतनाम आणि अंगकोर वाट असं एकत्र पुस्तक काढलं होतं. देवळांसाठी जुनी प्रत चालेल, भिंती बदललेल्या नाहीत. मुंबईत फोर्टातल्या आणि किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर अशी पुस्तकं मिळतात. आधी गावच्या वाचनालयात विचारा.

गुडघ्यांचं एक सांगतो. अंगकोर वाटच्या सगळ्यात वरच्या मजल्याचा जिना फार उभा आहे. त्यांना खालच्या भिंतींजवळच भरपूर वेळ द्या.

नकाशावेडा

आजोळ काका, फार छान लिहिलंत.

छापील की ई-बुक, यावर थोडं. वाचायच्या छोट्या यंत्रावर नकाशे बघवत नाहीत, मोठे करायला गेलं की अक्षरं फुटतात. ई-बुक घ्यायचंच तर पीडीएफ मिळतं का बघा, ते फोनवर आणि टॅबवर बरं दिसतं. काही प्रकाशक सुटी प्रकरणंही विकतात. पण तुम्हाला टेबलावर पानं उलटायची आहेत, तुम्ही छापीलच घ्या. निघताना लागणारी प्रकरणं ब्लेडने कापून वेगळी करा आणि स्टेपल मारा. उत्तर, मध्य, दक्षिण अशा तीन पातळ वह्या होतात. पुस्तक कापायला जीवावर येतं हे मला माहीत आहे. तसं असेल तर फोटो काढून ठेवा.

फुकट हवं असेल तर विकिव्हॉयेज आहे, प्रवाशांनीच लिहिलेला मुक्त कोश, २०१३पासून विकिमीडियाच्या छत्राखाली. किविक्स ॲपमध्ये तो अख्खा उतरवून घेता येतो, मग नेट नसलं तरी चालतो. मोठ्या शहरांची पानं उत्तम, छोट्या गावांची कधी दोनच ओळींची. सोबत ऑर्गॅनिक मॅप्स या ॲपवर देशाचा नकाशा उतरवून ठेवा, पायवाटासुद्धा दिसतात.

आणि ताई, एक महत्त्वाचं, अजून कुणी बोललं नाही. तुम्ही फेब्रुवारी म्हणालात. पुस्तक हातात आलं की 'कधी जावं' हे प्रकरण पहिलं वाचा. टेट, म्हणजे त्यांचं नववर्ष, २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी यांच्या दरम्यान कधीही येतं. त्या आठवड्यात अख्खा देश गावी जातो. ट्रेन भरलेल्या, दुकानं आणि खाणावळी बंद, खोल्या महाग. शिवाय फेब्रुवारीत हानोई थंड आणि झिमझिम पावसाचं, हा लाँगवर धुकं, आणि त्याच वेळी सायगावात कडक ऊन. देश उत्तर-दक्षिण इतका लांब आहे की एकाच बॅगेत स्वेटर आणि टोपी दोन्ही लागतात. मध्यभागी ह्युए आणि होई आनला पूर येतात ते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, तेवढं तुम्ही टाळलंत.

गोदाकाठ

टेटचं कुणी सांगितलंच नव्हतं! आत्ताच नवऱ्याला वाचून दाखवलं. आम्ही आता टेट संपल्यावर आठवडा सोडून निघायचं ठरवतोय, गरज पडली तर मार्चमध्ये.

काल दुकानात परत गेले. भारताच्या पुस्तकाची परीक्षा दोन मालिकांवर केली. एकीत वेरूळचा मंगळवार होता, अजिंठ्याची बसही होती. दुसरीत वेरूळचं वर्णन सुंदर, पण वार नाही. मग पहिलीचं फक्त-व्हिएतनाम घेतलं. त्यात माशाच्या सॉसचं वाक्य व्हिएतनामी भाषेत आहे, ते सासूबाईंनी वहीत उतरवून घेतलं. अंगकोरसाठी वाचनालयात चित्रांचं पुस्तक सापडलं, दोन महिने ठेवून घ्यायला परवानगी मिळाली. मार्ग असा: मुंबईहून हानोई, निन बिन्ह, ह्युए, होई आन, सायगाव, मग सिएम रीपहून परत. म्हणजे २५ डॉलरवाला व्हिसा.

शेवटचा प्रश्न. हानोई ते ह्युए रात्रीची ट्रेन सासूबाईंना झेपेल का? पुस्तकात चार बर्थ आणि सहा बर्थ असे दोन प्रकार दिलेत.

नकाशावेडा

झेपेल. चार बर्थवाला सॉफ्ट स्लीपर घ्या, आपल्या फर्स्ट एसीच्या चार बर्थच्या केबिनसारखं दार बंद होणारं. खालचा बर्थ मागून घ्या, किंमत वरच्यापेक्षा थोडी जास्त असते. तुम्ही तिघं, म्हणून चौथा बर्थही तुम्हीच काढला तर केबिन तुमची होते, परवडत असेल तर करा. सहा बर्थच्या डब्यात मधल्या-वरच्या बर्थवर ताठ बसताही येत नाही, तो नको. अंतर सुमारे ६९० किलोमीटर आहे आणि तेरा-चौदा तास लागतात. रात्री बसून सकाळी उतरा.

निन बिन्ह याच मार्गावर आहे. हानोईला परत न येता तिथूनच रात्रीच्या गाडीत बसलात तर उलटा हेलपाटा वाचेल. तिकिटं व्हिएतनाम रेल्वेच्या संकेतस्थळावर काढा. कोणती गाडी, कोणता डबा, आतले फोटो, हे सगळं 'मॅन इन सीट सिक्स्टी-वन' या मार्क स्मिथच्या साइटवर आहे, रेल्वेपुरतं ते कुठल्याही गाइडबुकापेक्षा ताजं असतं.

ह्युए ते दा नांग मात्र दिवसाच करा. अडीच-तीन तास लागतात, हाय वान घाटातून समुद्राच्या कडेने गाडी जाते. दक्षिणेकडे जाताना समुद्र डाव्या हाताला, तेव्हा डावीकडच्या खिडक्या घ्या. मार्च २०२४पासून या टप्प्यावर खास वारसा गाडीही सुरू झाली आहे, तुमच्या पुस्तकाची आवृत्ती त्याआधीची असेल तर त्यात सापडणार नाही.

बकुळी

गाडीत जेवणाची ढकलगाडी येते, पण त्यात सासूबाईंसाठी भरवशाचं काही नसेल. निन बिन्हला संध्याकाळी 'चाय' खाणावळीतून भात-भाजी डब्यात बांधून घ्या. केळी आणि भाजलेले शेंगदाणे स्टेशनबाहेर मिळतात. डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा नळ असतो, घरून उपमा-पोह्यांची तयार पाकिटं आणलीत तर सकाळचा नाश्ता तिथेच होईल. टेट संपल्यावरही पहिला आठवडाभर लोक गावांहून शहरांकडे परतत असतात, त्या दिवसांत दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांना गर्दी असते. तुम्ही आठवडा सोडताय ते बरोबर, पण तारखा पक्क्या झाल्या की बर्थ लगेच काढून टाका.